वीस वर्षांचे सुटे भाग

सिल्व्हिया केटुनेनने पिकअप धावपट्टीच्या कुंपणाला खेटून उभी केली आणि इंजिन बंद केले. पण ती खाली उतरली नाही. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिने ती शेजारी बसलेल्या वॉरन प्रुइटपुढे धरली.

"आधी हे उतरू दे. मग ऑफिसात जाऊ."

सरोवराच्या बाजूने विमान येत होते. करड्या पाण्यावर करडे आभाळ टेकले होते. त्यातून आधी दिवे दिसले, मग बोथट नाक, मग निमुळते पंख. वॉरनला ते नीट दिसण्याआधी नुसत्या आवाजावरून कळले होते. हॅलोरन कंपनीचे विमान. सिल्व्हियाच्या नवऱ्याला, अर्वोला, त्यानेच विकलेले. तेव्हा दोघेही तिशीत होते आणि डुलुथसारख्या गावातून कुणी विमान कंपनी चालवील यावर अर्वोखेरीज कुणाचा विश्वास नव्हता.

चाके टेकली. धावपट्टीवरचा भुरभुरीत बर्फ मागे उडाला.

"अजून कसं अलगद बसतं बघ," सिल्व्हिया म्हणाली. "म्हातारं झालंय, पण गुडघे शाबूत आहेत. माझ्यापेक्षा बरे."

"तुझे गुडघे आम्ही बनवले नव्हते."

"बनवले असते तर आत्तापर्यंत दोनदा बदलून मागितले असते." ती हसली. मग विमान वळून विमानतळाच्या इमारतीकडे जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. "कराराचे कागद टेबलावर ठेवलेत. वकील दुपारी येईल. बारा विमानं, वॉरन. संचालक मंडळातल्या निम्म्या लोकांना उत्तरवाल्यांची हवी होती. सहा महिने भांडले मी त्यांच्याशी. म्हटलं, या कंपनीत पहिल्यापासून हॅलोरन आहे. आमचे मेकॅनिक डोळे मिटून उघडतात ती."

वॉरनने मान हलवली. कॉफी कडू होती. अर्वो करायचा तशीच. तो गेल्यापासून कंपनी सिल्व्हियाच चालवत होती.

उत्तरवाले हा शब्द त्याने हॅलोरनमध्ये नोकरीला लागला तेव्हापासून ऐकला होता. वर, पाऊस थांबत नाही अशा किनाऱ्यावर त्या लोकांचा कारखाना होता, आणि खाली कॅलिफोर्नियात हॅलोरनच्या आवारात त्यांचे नाव कुणी घेत नसे. गरजही नव्हती. त्या काळी आकाशात दिसणाऱ्या चार विमानांपैकी तीन हॅलोरनची असत. मोठमोठ्या कंपन्यांचे अध्यक्ष वॉरनच्या खोलीबाहेर बाकावर बसून वाट पाहत, आणि तो त्यांना सांगे, दोन वर्षे थांबावे लागेल. ते थांबत. मग उत्तरवाल्यांनी एक भलेमोठे विमान काढले. हॅलोरनच्या कँटीनमध्ये सगळे हसले, की हे विकले गेले नाही तर दुकान बंद करावे लागेल त्यांना. ते विकले गेले. हॅलोरनने घाईघाईने आपले काढले, ते उशिरा आले. त्याच्या पुढचे आले ते सांगितले होते तेवढे लांब उडेना. म्हातारा हॅलोरन गेल्यावर मालक बदलले. नव्या मालकांना नवे विमान काढण्यापेक्षा जुन्याचेच नाक-शेपूट ओढून लांब करणे स्वस्त वाटले. असे काही एका दिवसात घडले नाही. खोलीबाहेरचा बाक मात्र रिकामा राहू लागला, आणि एक दिवस तो कुणीतरी उचलून नेला.

"गप्प आहेस," सिल्व्हिया म्हणाली.

"थंडी. सवय राहिली नाही."

"ऑफिसात हीटर आहे. जाऊ. एवढं एक सांग, म्हणजे मंडळाला मी तुझ्या नावाने सांगेन." तिने किल्ली फिरवायला हात पुढे नेला. "वीस वर्षं सुटे भाग मिळतील ना?"

तिने हे सहज विचारले होते. त्याचे उत्तर ठरलेले असते, हे दोघांनाही ठाऊक होते. प्रत्येक व्यवहारात कुणीतरी हे विचारते आणि कुणीतरी हो म्हणते.

दोन दिवसांपूर्वी मॉसने त्याला खोलीत बोलावून दार लावून घेतले होते. मॉस वयाने त्याच्याहून लहान, पण साहेब. तो म्हणाला होता, की संचालकांचे ठरले आहे. ही ऑर्डर आली तर तेवढी पुरी करायची आणि मग थांबायचे. आराखड्याचा विभाग वसंतात बंद होणार, सुट्या भागांचा जो घेईल त्याला विकणार.

"तिला हे कळायची गरज नाही," मॉस म्हणाला होता. "विचारलं तर सांग, वीस वर्षं. आजवर सांगत आलास तसंच."

"आणि ऑर्डर नाही मिळाली तर?"

"तर जुळणीची शेड उन्हाळ्याआधीच बंद. तुझा जावई तिथेच आहे ना?"

जावई तिथेच होता. रूडी एस्कलांते. त्याच्या आधी त्याचा बापही. वॉरनची एकुलती मुलगी जोलीन, रूडी आणि चार वर्षांची टेसा, ही तिघे त्याच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहत. वॉरनची बायको त्याला सोडून गेली त्याला आता बरीच वर्षे झाली होती. तो महिन्यातले वीस दिवस विमाने विकत फिरायचा, हे तिने दिलेले कारण होते आणि ते खरे होते. जोलीनचे बालपण त्याने पोस्टकार्डे पाठवण्यात काढले. आता मात्र तो दर रविवारी तिच्याकडे जेवायला जाई, आणि टेसा त्याचे बूट घालून अंगणात फिरे.

"वॉरन?"

वॉरन काही सत्यवादी माणूस नव्हता. विकणाऱ्याला ते परवडत नाही. त्याने तारखा फुगवून सांगितल्या होत्या, वजने कमी करून सांगितली होती, एकदा तर नसलेले इंजिन आहे म्हणून सांगितले होते. पण त्या थापा कारखाना नंतर खऱ्या करून दाखवायचा. तो एखाद्या परक्या गावी तोंड भरून बोलून यायचा, आणि मग शेकडो माणसे दिवसरात्र राबून त्याचा शब्द राखायची. त्याच्या मागे कुणीतरी उभे असायचे. त्याने उघडलेले तोंड मिटले. आता मागे कुणी नव्हते.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मिळणार नाहीत. दोन वर्षं मिळतील, फार तर तीन. तुझी विमानं शेवटची असतील, सिल्व्हिया. ती बाहेर पडली की शेड बंद."

तिचा हात किल्लीवरच राहिला. बाहेर विमानाला जिना लागला होता. माणसे कॉलर वर करून उतरत होती.

"हे तुला कधी कळलं?"

"परवा."

"आणि इथे येऊन माझी कॉफी प्यायलास."

वॉरनने हातातल्या झाकणाकडे पाहिले.

"मी विचारलं नसतं तर?"

"माहीत नाही." त्याने झाकण डॅशबोर्डवर ठेवले. "खरंच माहीत नाही मला."

सिल्व्हियाने समोरच्या काचेवरची वाफ हातमोज्याने पुसली. पुसून झालेल्या जागेवरूनच पुन्हा हात फिरवला.

"मला काय वाटतंय सांगू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू हो म्हणायला हवं होतंस. मी सही केली असती, सुखाने झोपले असते. पाच वर्षांनी बुडाले असते तर तुला शिव्या घातल्या असत्या, तेही बरं वाटलं असतं. आता मला त्या लोकांना फोन करावा लागणार. त्यांचा माणूस आठवड्यातून दोनदा करतोच. फार गोड बोलतो. माझ्या वाढदिवसाला फुलं पाठवली त्याने. अर्वो गेला तेव्हा नव्हती पाठवली."

"विमान चांगलं आहे त्यांचं."

"मला माहितीये चांगलं आहे. मूर्ख नाही मी."

तिने गाडी सुरू केली. ऑफिसच्या वळणावर न वळता ती सरळ इमारतीच्या दारापर्यंत गेली. वॉरनने मागच्या सीटवरून बॅग घेतली.

"अर्वो असता," ती समोर बघत म्हणाली, "तर त्याने तुला आधी गाडीतून ढकलून दिलं असतं आणि मग जेवायला नेलं असतं. मी फक्त पहिलं करू शकते आज. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत."

"जा. विमान चुकेल."

मिनिआपोलिसहून घरी जाणारे विमान उत्तरवाल्यांचे होते. वॉरनला खिडकीची जागा मिळाली. पंख रुंद होता आणि टोकाशी हलकेच वाकत होता. आत बोलण्याचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते, इतके इंजिन शांत. त्याने डोळे मिटले आणि उतरेपर्यंत उघडले नाहीत.

मॉसला त्याने विमानतळावरूनच फोन केला.

"नाही म्हणाली."

मॉसने विचारले, "कारण?"

"सुटे भाग."

मॉसला जे समजायचे ते समजले असावे, कारण त्याने पुढे विचारले नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "खरं सांगू का, वरती काहींना हेच हवं होतं. लवकर आवरेल. सोमवारी सांगतो सगळ्यांना. तोवर तोंड मिटून राहा."

रविवारी वॉरन जोलीनकडे गेला तेव्हा रूडी अंगणात शेगडीवर मांसाच्या पट्ट्या भाजत होता. नोव्हेंबर असूनही ऊन उबदार होते. लिंबाचा आणि जिऱ्याचा वास कुंपणापर्यंत येत होता. टेसा नळाच्या रबरी नळीने एका प्लास्टिकच्या टबात पाणी भरत होती. त्यात काय करायचे हे तिचे अजून ठरले नव्हते.

रूडीने त्याला बिअर दिली. मग चिमट्याने एक पट्टी उलटली, जी आत्ताच उलटली होती.

"डुलुथचं काय झालं?"

सोमवारपर्यंत तोंड मिटून राहायचे होते. "नाही झालं," वॉरन म्हणाला.

रूडीने मान हलवली. स्वयंपाकघराच्या दारात जोलीन बशा घेऊन उभी होती. ती बाहेर आली नाही, आतही गेली नाही. वॉरनला वाटले, दोघे घाबरली असतील. तो काहीतरी धीराचे बोलणार होता, तेवढ्यात रूडीच म्हणाला,

"मला तुम्हाला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. मला वरून बोलावणं आलंय. उत्तरवाल्यांकडून."

वॉरनने बिअर खाली ठेवली.

"मी सप्टेंबरात जाऊन भेटून आलो त्यांना. तुम्हाला मासे पकडायला जातो म्हणालो होतो ना, तेव्हा. पंखांच्या जुळणीवर घेतायत. चांगलं काम आहे." रूडी भराभर बोलत होता, चिमट्याकडे बघून. "मी त्यांना थोपवून धरलं होतं. म्हटलं, विचार करायला वेळ द्या. जोलीनचं आणि माझं ठरलं होतं, तुम्ही ऑर्डर आणलीत तर मी त्यांना नकार कळवायचा. तुम्ही तिकडे आमच्यासाठी झगडत असताना मी पाठ फिरवून जायचं, ते काही मला जमलं नसतं. वडिलांनाही आवडलं नसतं."

"डॅड," जोलीन दारातूनच म्हणाली, "आम्ही आजपर्यंत खरंच थांबलो होतो."

टब भरून वाहू लागला. टेसा वाकून पाण्यात हात बुडवून बसली.

"एकच विचारतो," रूडी म्हणाला. "खरं सांगा. थोडं तरी जवळ आलं होतं का? म्हणजे अजून एक खेप मारली, कुणाला मध्ये घातलं, तर? तसं असेल तर मी अजून एक महिना थांबेन. थांबू शकतो मी."

वॉरनने त्याच्याकडे पाहिले. रूडीच्या बोटांच्या पेरांत सांधे बुजवायच्या सीलंटचे हिरवट डाग होते, धुऊन न जाणारे. आठवडाभर सुट्टी घेतली तरी ते जात नसत.

"नाही," वॉरन म्हणाला. "मी पोचायच्या आधीच तिने त्यांना शब्द दिला होता. मला जेवू घातलं, तेही जुन्या ओळखीखातर. तिथे काहीच उरलं नव्हतं, रूडी."

रूडीने श्वास सोडला. खांदे खाली आले. "मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि मग पुन्हा, हळू, "मग ठीक आहे."

जोलीन बाहेर आली आणि बशा टेबलावर ठेवून वडिलांच्या शेजारी बसली. तिने त्याच्या बाहीला हात लावला. मग ती बोलू लागली. तिकडे घर बघितले आहे, भाड्याचे, मागे एक जादा खोली आहे. तो नाताळला येऊ शकेल. पाऊस फार असतो म्हणतात, टेसाला रबरी बूट घ्यावे लागतील. वॉरन ऐकत होता. टेसाने नळी टबातून काढून गवतावर धरली होती आणि त्या छोट्याशा डबक्याकडे फार लक्ष देऊन बघत होती.

रूडीने मांस ताटात काढले आणि शेगडीवर टॉर्टियाच्या पातळ पोळ्या टाकल्या.

"तुम्ही त्यांच्याशी इतकी वर्षं लढलात," तो म्हणाला. "कशी माणसं आहेत ती?"

वॉरनने थोडा विचार केला.

"चांगली विमानं बनवतात," तो म्हणाला.

रूडीचा हात थांबला. जोलीननेही मान वळवून पाहिले. असे त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकले नव्हते. वॉरन उठला, टेसाच्या हातातून नळी घेतली आणि नळ बंद करायला कुंपणाकडे गेला. तिथे तो जरा जास्त वेळ उभा राहिला. दोघांपैकी कुणीही त्याला जेवायला हाक मारली नाही. तो येईपर्यंत थांबली.