डाव्या जबड्यावरची फुली

प्रत्येक नव्या पेशंटसाठी डॉक्टरीण कागदावर एक चेहरा काढायची. मग त्यावर खुणा. काळ्या किंवा पांढऱ्या टोकाच्या बारीक पुटकुळीला टिंब, लाल पुळीला गोल, पू धरलेल्या फोडाला भरीव गोल आणि कातडीखाली खोल बसलेल्या, तोंड नसलेल्या गाठीला फुली. टिंबांना रात्री लावायचं मलम पुरतं, फुलीला पुरत नाही, हे ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगायची.

अलीकडे मात्र कागद पुरा झाला की डाव्या जबड्यावर एक फुली हटकून निघायची. समोरच्याच्या जबड्यावर काही नसलं तरी.

"मॅडम, अहो, त्याला तिथं अजून दाढीसुद्धा फुटली नाही," नर्सबाई हसायच्या. "तुम्ही गाठ कुठून पेरलीत?"

ती फुली खोडायची. पण कागद उजेडात तिरपा धरला की पेन्सिलीचा वळ दिसायचाच.

ती फुली कुणाची, हे तिला पक्कं माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी ती डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि धाकटी बहीण सोळा वर्षांची. दुसऱ्या दिवशी धाकटीची वक्तृत्व स्पर्धा. "ताई, उद्यापर्यंत बसेल का गं हे?" तिने गाठ आलेला डावा जबडा पुढे केला होता. ताईने पुस्तकातलं एकच पान वाचलं होतं, तेही फोडांचं. सुई तापवून टोचली, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. पू आलाच नाही. गाठ आतल्या आत फुटली. तीन दिवस ताप, सुजलेलं तोंड आणि मग कायमचा खड्डा.

आईने विचारलं, "कुणी केलं हे?" ताई चटकन म्हणाली, "तिनेच फोडलं." धाकटी काहीच बोलली नाही. 'हिचे हात म्हणजे ना, गप्प बसतील तर शपथ,' हे ती पुढे सगळ्या नातेवाइकांकडून ऐकत राहिली. तेव्हापासून कुठेही गेली तरी डावी बाजू भिंतीकडे करून बसायची.

आज धाकटी लेकीला घेऊन आली होती. आल्या आल्या तिने खुर्ची भिंतीला सरकवली.

"मावशी, मला दोन दिवसांत बरं कर," भाची म्हणाली. "शनिवारी फोटो आहे."

डॉक्टरिणीने दिवा ओढला. कपाळावर टिंबं, गालांवर गोल. आणि डाव्या जबड्यावर लालसर, टणक, दुखरी गाठ. आज पहिल्यांदा फुली खरी होती, तर हात उठेना.

"दोन दिवसांत होणार नाही. या गाठीत आज बारीक सुईने औषध सोडू, म्हणजे सूज उतरेल. बाकी चेहऱ्याला तीन-चार महिने लागतील, गोळ्याही घ्याव्या लागतील. आणि हात लावायचा नाही."

"माहितीये गं. आईनं लहानपणी स्वतःच फोडलं ना, म्हणून तिला खड्डा पडला. रोजचं भाषण आहे ते."

डॉक्टरिणीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी भिंतीकडे पाहत होती. म्हणजे स्वतःच्या लेकीलाही तिने तेच सांगितलं होतं. आत्ताही गप्प राहिलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आणखी एक जण धाकटीला दोष देत मोठी झाली असती, एवढंच.

"तिनं नाही फोडलं," डॉक्टरीण म्हणाली. "मी फोडलं. आणि आजीला खोटं सांगितलं."

भाचीचं तोंड उघडंच राहिलं. "आई?"

"मला काय विचारतेस? मी तिथंच होते," धाकटी म्हणाली. मग बहिणीकडे वळून, "बावीस वर्षं वाट पाहिली मी, ताई. म्हटलं, आज तरी बोलते का बघू."

"तू का नाही बोललीस?"

"माझं ऐकलं असतं कुणी? तू डॉक्टर होणार होतीस."

नर्सबाईंनी औषधाचा ट्रे खाली ठेवला.

धाकटीने कागद स्वतःकडे ओढला, त्यावरच्या डाव्या जबड्यावर राहून गेलेली फुली काढली आणि पेन्सिल परत दिली. मग उठून खुर्ची फिरवली. डावी बाजू थेट उजेडात आली.

"आता दिवा इकडे कर," ती म्हणाली. "आणि नीट बघ."

डॉक्टरिणीने दिव्याचा दांडा धरून उजेड त्या खड्ड्यावर आणला. नजर तिने हलवली नाही.