मरण ओळखणारी बेल

तैवानमधल्या च्यायी शहरातल्या त्या वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात मंगळवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चाकांच्या खुर्च्या, त्या ढकलणाऱ्या इंडोनेशियाच्या मुली, संत्र्यांच्या पिशव्या घेऊन आलेले लेक आणि सुना. सगळ्यांच्या माना बारा नंबरच्या खाटेकडे वळलेल्या. खाटेवर को अमा बसली होती, वय सत्त्याऐंशी. इथे आजीला अमाच म्हणतात. तिच्या हातात सिस्टरला बोलावण्याच्या बेलचं बटण होतं.

"दाबा, अमा," रेशमी अंगरख्यातले पेंग गुरुजी म्हणाले.

अमाने दाबलं. दारात उभ्या असलेल्या येन सिस्टरच्या हातातला फोन गप्प.

"पुन्हा दाबा."

गप्पच.

गुरुजींनी तेच बटण अमाच्या हातून घेतलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिलं. तिने अंगठा टेकवला मात्र, सिस्टरचा फोन असा किंचाळला की पुढच्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत उडाला.

"बटण तेच, तार तीच!" गुरुजींनी दोन्ही हात वर केले. "परवा अमाला दुसऱ्या खोलीत हलवून पाहिलं, तिथेही बेल मुकीच. मग बेल ओळखते कोणाला? माणसाला! यंत्राचं मन निर्मळ असतं, मंडळी. त्याला राग नाही, लोभ नाही, म्हणून काळाची पावलं त्याला आपल्याआधी ऐकू येतात. ज्याचं बोलावणं वरून आलं, त्याचं खालचं बोलावणं बंद!"

"अगदी खरं," मागून कोणीतरी पुटपुटलं. "तिच्या नवऱ्याचं असंच झालं. सात दिवस बेल मुकी, आठव्या दिवशी गेला."

"त्याच्याआधी पाच नंबरवाले."

"आणि ती शिंपीणबाई."

"मी कुठेही जात नाहीये," अमा म्हणाली. "दुपारी रताळ्याची पेज आहे."

लोक हसले, पण घाबरत घाबरत. तिचा मुलगा को पो-हान मात्र हसला नाही. बाजारात त्याचं न्याहारीचं दुकान आहे, सोयाबीनचं दूध आणि अंडं घातलेल्या पोळ्या. सकाळी दुकान बंद ठेवून आलेला तो माणूस हातातली टोपी पिळत उभा होता. अठरा दिवसांपूर्वी बाप गेला, आणि आता आईची बेल मुकी.

"गुरुजी, उपाय करा," तो म्हणाला. "जे सांगाल ते करतो."

उपाय ठरलेला होता आणि दोन खाटांवर तो झालाही होता. गुरुजी बॅटरीवर चालणाऱ्या तीन उदबत्त्या लावत, कारण ऑक्सिजनच्या नळ्यांमुळे खरी उदबत्ती पेटवायला बंदी आहे. मग चंद्रकोरीच्या आकाराची दोन लाकडं जमिनीवर टाकून देवाचा होकार घेत. आणि मग सिस्टरला सांगत, "याचं जुनं पान पुसा. त्या पानावर आयुष्यभराचं दुखणं साचलंय, म्हणून काळाला घर सापडतं. नाव आणि जन्मवेळ एवढंच ठेवा. कोरं पान, कोरं आयुष्य!" पान म्हणजे कॉम्प्युटरमधली रोग्याची नोंद. सिस्टर पुसायची, आणि खरोखर बेल वाजायची. दोन्ही खाटांवर वाजली होती. व्हरांडा भरला होता तो त्यामुळेच.

"अमाचं पान पुसू?" येन सिस्टरने विचारलं. "त्यात औषधांचं लिहिलंय. मागे एका इंजेक्शनने हिचा घसा सुजला होता, जेमतेम वाचली. ते पुसलं आणि रात्रपाळीला नवीन कोणी आलं तर?"

"यंत्राला सगळं ठाऊक असतं," गुरुजी गोड हसले. "तुमची श्रद्धा कमी पडतेय, सिस्टर."

मी दाराशी फुलांची परडी घेऊन उभी होते. या बेलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मी तपासणीचं काम करते. नवीन काहीही गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी माझी सही लागते. आमच्या त्साओसाहेबांनी मला फुलं देऊन पाठवलं होतं, आणि वर बजावलं होतं, "श्येताई, लोक नाराज नाहीत, उलट पाया पडतायत. आपण तोंड उघडायचं नाही. शुक्रवारी गुपचूप दुरुस्त करू."

दुरुस्त करण्यासारखं काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, कारण आदल्या दिवशी मीच मशीनच्या नोंदी वाचून त्यांना सांगितलं होतं. शुक्रवार तीन दिवसांवर होता. अमाचं पान तर आत्ता पुसलं जाणार होतं.

गुरुजींनी लाकडं उचलली, तशी मी परडी खाली ठेवली.

"गुरुजी, एक विनंती आहे," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान. दोनदा म्हणावं लागलं.

"बोला, ताई."

"आधी तुमच्या मनगटाला पट्टी बांधू या का?"

बटण दाबलं की ते मनगटावरची पट्टी वाचतं आणि माणूस ओळखतं. येन सिस्टरने एक कोरी पट्टी काढली. गुरुजींना नाही म्हणता येईना, पन्नास माणसं बघत होती. सिस्टरने नोंदीत नाव घातलं, पेंग, आणि पुढे काही नाही.

"दाबा."

फोन वाजला.

"बघा!" गुरुजी खूश. "माझं आयुष्य लांब आहे."

"छान झालं. आता तुमच्या पानावर मी काही लिहिते. शुभच लिहीन." मी सिस्टरच्या कॉम्प्युटरपुढे बसले. मी रोज पहाटे एक पाठ म्हणते, दोनशे साठ अक्षरांचा. डोळे मिटूनही टाइप करता येतो. एकदा लिहिला. "दाबा."

फोन वाजला.

त्याच्याखाली तोच पाठ पुन्हा लिहिला. "आता दाबा."

गुरुजींनी दाबलं. काहीच नाही. जोरात दाबलं. मग अंगठा बदलून दाबलं.

"अगंबाई," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "गुरुजींचं बोलावणं आलं!"

"पेजेला थांबा म्हणावं, एवढी काय घाई," अमा म्हणाली.

व्हरांडाभर हशा झाला. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे, हे पाठाचं सामर्थ्य आहे. पवित्र अक्षरांपुढे यंत्र मौन धरतं..."

"मग पाठाऐवजी आजच्या जेवणाची यादी लिहिते," मी म्हणाले, आणि लिहिली. भात, कोबी, टोफू, पुन्हा भात, पुन्हा कोबी, साडेचारशे अक्षरं होईपर्यंत. बेल मुकीच. अर्धी यादी पुसली, बेल वाजली. पुन्हा भरली, मुकी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या नको होत्या, कारण पुढचं मलाच सांगायचं होतं.

"ऐका," मी म्हणाले, आणि या वेळी एकदाच म्हणावं लागलं. "आमचं सॉफ्टवेअर म्हणजे एकच मोठा प्रोग्राम नाही. छोटे छोटे बंद डबे आहेत, आमच्या धंद्यात त्यांना कंटेनर म्हणतात. एक डबा बेल ऐकतो. दुसरा त्याला रोग्याची नोंद जोडतो, म्हणजे सिस्टरला धावताना कळावं की कोण आहे आणि काय जपायचं. तिसरा फोनवर पाठवतो. डब्यांमधून निरोप नेणारा टपालवाला आमचा नाही. तो भाग बाहेरच्या लोकांनी लिहिलेला आहे, जगभर वापरतात. त्यात चोराला शिरता येईल असं भोक सापडलं, म्हणून गेल्या महिन्यात आम्ही त्याची नवी आवृत्ती घातली. ते करायलाच हवं होतं.

"हा टपालवाला पत्र पाकिटात घालतो आणि ते पाकीट आणखी एका पाकिटात. जुना टपालवाला दुसऱ्या पाकिटाची जागा धरून आतलं पत्र लहान कापायचा. नवा धरत नाही. पत्र केवढं कापायचं तो आकडा त्याला हाताने सांगावा लागतो. नाही सांगितला तर छोटी पत्रं जातात, आणि मोठी फटीत अडकून पडतात. कोणाला कळतही नाही, कारण 'मी जिवंत आहे' हा यंत्राचा निरोप अगदी छोटा असतो. तो जातोच, म्हणून खोलीबाहेरचा दिवा हिरवाच राहतो."

"म्हणजे नोंद मोठी तर बेल मुकी?" येन सिस्टरने विचारलं. तिच्या लक्षात आलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"हो. आणि नोंद मोठी कोणाची असते, सिस्टर? ज्याला दुखणी जास्त त्याची. यंत्राने मरण ओळखलं नाही. जे सगळ्यात आजारी होते, नेमक्या त्यांच्याच हाका आम्ही अडवल्या."

एका लेकाने हातातली संत्र्यांची पिशवी खाली ठेवली.

"गुरुजींना हे कसं कळलं?" एका सुनेने विचारलं.

"मी सांगते," येन सिस्टर म्हणाली. "हे पूर्वी बटणं बसवणाऱ्या ठेकेदाराकडे होते. पहिली बेल मुकी झाली तेव्हा मी यांनाच बोलावलं. यांनी नोंद पुसून पाहिली, बेल वाजली. मला म्हणाले, कोणाला बोलू नका. पुढच्या आठवड्यात रेशमी अंगरखा घालून आले."

गुरुजी लाकडं पिशवीत कोंबत होते. एक उदबत्ती विझायचं नाव घेईना. तिचं बटण अडकलं होतं. तशीच लुकलुकती खिशात घालून ते जिन्याकडे निघाले. "श्रद्धा नसलेल्या जागी मी थांबत नाही," असं काहीसं म्हणाले. त्यांना कोणी अडवलं नाही. लोक माझ्याकडे बघत होते.

"तो आकडा," को पो-हान म्हणाला, "तुम्ही का सांगितला नाही त्या टपालवाल्याला?"

हा प्रश्न येणार हे मला कालपासून माहीत होतं.

इथे यंत्रांवर हिरव्या वेष्टनातल्या खाऊची पुडी ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा होतो. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली चालत नाही. आणि ज्या मशीनवर ताजी पुडी आहे, जे गुण्यागोविंदाने चाललंय, त्याला कोणी बोट लावत नाही. बँकेत, इस्पितळात, सगळीकडे असंच. आम्ही हसत हसत करतो, पण करतो. नवी आवृत्ती घालणं ऑफिसात बसून झालं होतं. आकडा बदलायला मात्र इथलं मशीन बंद करून चालू करावं लागणार होतं. त्यासाठी पाठवलेल्या माणसाने फोन केला होता, "ताई, वर पुडी आहे, तारखेला पाच महिने बाकी आहेत, मशीन मस्त चाललंय. कशाला छेडायचं?"

"मी म्हणाले, राहू दे," मी पो-हानला सांगितलं. "आणि झालं म्हणून सही केली. पुडीही मीच ठेवली होती, मशीन बसवलं त्या दिवशी."

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"म्हणजे बाबांनी बेल दाबली होती?"

माझ्या पिशवीत माझा फोन थरथरत होता, त्साओसाहेबांचा. कोणीतरी त्यांना कळवलं असणार.

"दाबलेली प्रत्येक बेल पहिल्या डब्यात लिहून राहते. फक्त पुढे जात नव्हती."

"किती वेळा?"

"विचारू नकोस, पो-हान," अमा म्हणाली.

"किती वेळा, ताई?"

"तेवीस. सकाळी सव्वासहा ते सात. सगळे आंघोळी घालायच्या गडबडीत होते."

त्याने भिंतीला हात टेकवला. "गुरुजी म्हणाले होते, झोपेत गेले. वेळ भरली होती, त्यांना काही कळलंही नाही. अठरा दिवस मी त्या एका आधारावर दोन घास खाल्ले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्यापेक्षा तो लबाड बरा होता."

उत्तर अमाने दिलं.

"काही बरा नव्हता. माझं पान पुसायला लावलं असतंस, उद्या मला तेच इंजेक्शन दिलं असतं, आणि परवा तोच इथे उभा राहून म्हणाला असता की यंत्राला आधीच माहीत होतं. आणि तू त्याच्या पाया पडला असतास." तिने बटण उशीशेजारी ठेवलं. "तुझ्या बाबांचं रडू मी रडून घेईन. तू आधी त्या बाईला मशीनपर्यंत जाऊ दे."

पो-हान बाजूला झाला. मी पुडी खाली उतरवली, मशीन बंद केलं, आकडा बदलला, मशीन चालू केलं. चार मिनिटं लागली. मग पुसलेल्या दोन्ही नोंदी येन सिस्टरबरोबर बसून जुन्या कागदांवरून शब्दन् शब्द परत भरल्या. त्याला संध्याकाळ झाली. अमाची बेल वाजली तेव्हा व्हरांड्यात कोणी उरलं नव्हतं.

त्साओसाहेबांनी मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. कंपनीचं नाव घालवलं, असं कारण लिहिलं. काम झालेलं नसताना सही केली म्हणून काढलं असतं तर मला मान्य होतं.

मी आजही पहाटे उठते, दिवा लावते, पाठ म्हणते. कोणाची श्रद्धा मोडायला मी हे लिहिलेलं नाही. पण देवाच्या अंगावर आपली चूक घालण्याइतकं मोठं पाप मला दुसरं ठाऊक नाही, आणि पुडीच्या भरवशावर राहून ते मी महिनाभर केलं. म्हणून हात जोडून एवढंच मागते. यंत्र मुकं झालं, देव कोपला, काळ आला असं कोणी सांगितलं, तर उदबत्ती लावायच्या आधी एक गोष्ट बदलून बघा, पुन्हा दुसरी बदलून बघा, आणि काय झालं ते लिहून ठेवा. ज्याला बघू द्यायचं नसेल त्याला विचारा, का. आणि हिरवा दिवा दिसला म्हणून कोणी सुखात आहे असं समजू नका. आत जाऊन त्या माणसाला विचारा.

को बाबांच्या खोलीचा दिवाही त्या सकाळी हिरवाच होता.