अडकलेला कौल

सकाळी नऊ वाजता लालासाहेब शेडगे यांनी घराला कुलूप लावलं आणि मिरजेच्या गाडीत बसण्याऐवजी ते समोरच्या भैरोबाच्या देवळात जाऊन बसले. गुरवाला म्हणाले, "आकाराम, कौल लाव."

माण तालुक्यातल्या या गावात मोठं काही करण्याआधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर थांब. तोवर कौल मागणाऱ्याने जागेवरून उठायचं नाही.

अकरा वाजले तरी दोन्ही कळ्या जागेवर होत्या.

त्यांची नात सृष्टी मिरजेत एका दवाखान्यात नर्स होती. तीच आज ड्रायव्हरसह गाडी घेऊन त्यांना न्यायला आली होती. तिच्या आबांचं, लालासाहेबांचं, डायलिसिस तिथंच व्हायचं. शनिवारी "घर आवरायचंय" म्हणून ते गावीच राहिले आणि ती पाळी चुकली. आता पाय सुजले होते, दोन शब्द बोलले की धाप लागत होती. आज दोन वाजता त्यांच्यासाठी मशीन राखून ठेवलं होतं. गाडीला अडीच-तीन तास लागतात.

"आबा, देवाला इचारलं तरी काय तुमी?" सृष्टीनं विचारलं.

"घर सोडून जाऊ का... आन् गेलो तर परत यीन का."

आकारामने कपाळावर हात मारला. "आवं दादा, दोन गोष्टी? एका कौलात एकच इचारायची असती! जा म्हणावं तर परत येशील असंबी म्हणावं लागतंय. देव तरी काय करंल? त्योबी अडकला की."

"मग दुसरा लाव."

"पैला पडल्याबिगर दुसरा लागत न्हाई."

घर विकत घेतलेला धैर्यशील चावीसाठी खांबाला टेकून उभा होता. घर पाडून तिथं त्याला दुकानाचे गाळे काढायचे होते. तो हळूच म्हणाला, "गुरव, वाईच फुकर मारा की."

"तुज्या पोरीच्या लग्नाचा कौल असता तर मारली असतीस का रं?"



व्यवहार मुंबईच्या मुलाने फोनवर ठरवला होता. लालासाहेबांनी हो म्हटलं, कारण नाही म्हणून पुढं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. वडिलांनी त्यांना दोन खोल्या ठेवल्या होत्या. बाकीचं घर त्यांनी फौजेतून रजेवर आल्यावर बांधलं. एका रजेत एक भिंत. मागची भिंत अर्धी राहिली त्या वर्षी रजा लवकर रद्द झाली होती. ती पुढं बायकोने गवंडी लावून पुरी केली. दगडाचा रंग तिथं बदलतो.

सृष्टीनं त्यांची नाडी बघितली. मग ते बसले होते त्या घोंगड्याकडे बघत राहिली.

"आकारामकाका, उठायचं न्हाई, एवढंच हाय ना?"

"व्हय."

"मग आबा, तुमी उठू नका. बसल्यालंच ऱ्हावा." तिनं ड्रायव्हरला हाक मारली. "धैर्यशीलदादा, तुमी ह्यो कोपरा धरा. पाठ ताठ ठेवा, न्हाईतर कंबर जाईल. मी रोज उचलती माणसं."

आकाराम थोडा वेळ देवाकडे बघत होता. "उचलू नये असं कुठं सांगितलं न्हाई," म्हणत त्याने चौथा कोपरा धरला.

लालासाहेबांनी विरोध केला नाही. अंगण ओलांडताना त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडीच्या दाराशी धापा टाकत म्हणाले, "उद्या कुणी इचारलं तर म्हातारा घर सोडून गेला म्हणू नगा. नेला म्हणा."

"आबा, चावी?" धैर्यशीलनं विचारलं.

"कौल पडू दे."

मिरजेला पोचायला तीन वाजले. राखून ठेवलेलं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. पाचच्या सुमाराला एक मोकळं झालं. हातात सुया टोचल्या. इथंही संपेपर्यंत उठायचं नव्हतं. उशाला फोन ठेवा, एवढंच लालासाहेब म्हणाले.

साडेसहाला आकारामचा फोन आला. धैर्यशील अजून देवळातच बसून होता. उजवी कळी वाईच खाली सरकली होती. पडली नव्हती.