इंजिनाला सलाईन

गाव ज्याला भिंगरी म्हणायचं त्यानं पुन्हा बांध ओलांडला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुमच्या फेऱ्यांनी पाणी उतरत असतं तर कालच उतरलं असतं."

कालव्याचा काठ फुटला होता. बटाट्याच्या सऱ्यांत गुडघाभर पाणी तुंबलं होतं आणि वरून ऊन भाजत होतं. संध्याकाळपर्यंत उपसलं नाही तर बटाटे जागेवरच कुजणार. पंपाचं इंजिन बारकं, म्हणून फिटर मेव्हण्यानं त्याला भंगारातल्या ट्रकचा टर्बो बसवलेला. टर्बो हवा कोंबायचा, इंजिन दुप्पट जोर लावायचं आणि घटकाभरात धुराडं लालभडक व्हायचं.

"दाजी, कोंबलेली हवा तापते," मेव्हणा म्हणाला. "तिच्यात पाण्याचा बारीक फवारा सोडला की गार होते. नाहीतर आज पिस्टन वितळतोय."

त्यानं गुरांच्या डॉक्टरकडून सलाईनची बाटली आणून बांबूला टांगली. नळीच्या टोकाला फवारणी पंपाचं नोझल लावून ते टर्बोच्या तोंडात बसवलं. शेतभर पाणी होतं, पण गाळाचं; इंजिनासाठी घरातलं पिण्याचं पाणी गाळून आलं.

"थेंब कमी पडले तर जळेल, जास्त झाले तर गुदमरेल. कुणीतरी इथं बसून नळीच्या चाकावर बोट ठेवायचं. बसून."

मेव्हण्याला चिखलात उतरून पंपाची जाळी साफ करत राहायचं होतं. बायकोला फुटलेल्या काठावर पोती रचायची होती. दोघांनी भिंगरीकडे पाहिलं. तो जेवायचाही उभ्यानं. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या जागी नुसता एक धूसर पट्टा आला होता.

तो बसला. जरा वेळानं त्यानं चाक पूर्ण उघडलं, म्हणजे काम लवकर होईल, आणि पोती बघायला गेला. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि बंद पडलं. सऱ्यांत पाणी पुन्हा चढायला लागलं.

मेव्हण्यानं शिव्या गिळत इंजिन कोरडं करून चालू केलं.  बायको गोठ्यात गेली आणि दावं घेऊन आली.

दुपारी शेजारचे काका केळी घेऊन आले. सलाईन लावलंय म्हटल्यावर तब्येत विचारायला येणं भागच होतं. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग खुंट्याला बांधलेल्या भिंगरीच्या पायाकडे.

"सूनबाई, हे म्हशीचं दावं ना?"

"हो."

"मग म्हैस?"

"ती बसते."

काकांनी केळी इंजिनापाशी ठेवली आणि पेशंटला त्रास नको म्हणून हळूच निघून गेले.

भिंगरीचा मोकळा पाय थरथरत होता, मान चारी दिशांना फिरायची, पण बोट चाकावरून हललं नाही. धुराडं काळवंडलं की थेंब कमी, लाल व्हायला लागलं की जास्त. नाकावर माशी बसली. शेवटी कंटाळून तीच उठली.

ऊन कलल्यावर बायको चिखलातून आली. मातीत हात घालून तिनं एक बटाटा उपटला, दाबून पाहिला. कडक होता. मग ती गाठ सोडायला वाकली. पायाला गाठच नव्हती.

"हे कधी सुटलं?"

"काका गेले तेव्हाच."

"आणि तुम्ही बसून राहिलात?"

भिंगरीनं डावी मूठ उघडून दाखवली. दाव्याचं सुटं टोक त्यानं आत घट्ट धरलं होतं.

मेव्हण्यानं इंजिन बंद केलं. त्यासरशी भिंगरी उठला आणि दावं ओढत सगळ्या सऱ्या पळत पाहून आला. दाव्याला चिखल लागला, पण ते पाण्यात कुठंच बुडालं नाही.