पडद्याखालचं पाणी

सकाळी दहाला तिच्या स्क्रीनवर तो डोळा आला. डोळा म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं चित्र, नारिंगी, गोल, आणि जिथून साऱ्या शिरा बाहेर पडतात तिथे एक बारीक शीर सरळ पुढे न जाता स्वतःभोवती वळून, सैल गाठ मारून मग वाटेला लागलेली... घाईत दोऱ्याला गाठ मारावी आणि ओढायची राहून जावी, तशी. चित्रावर नाव नव्हतं. नावं इथे येतच नाहीत, फक्त क्रमांक येतात. क्रमांक तिने पाहिलाही नाही.

कार्यालयात तिला फूटपट्टी म्हणत. टेबलापलीकडची मुलगी तोंडावर ‘ताई’ म्हणे आणि पाठीमागे फूटपट्टीच, हे तिला माहीत होतं आणि तिची त्याला हरकत नव्हती. काम मोजण्याचंच होतं. वय झालं की काहींच्या डोळ्यांत पडद्याखाली नव्या, कच्च्या शिरा फुटतात, त्या गळतात, पाणी साचतं, आणि नजरेचा मधला भाग जातो — समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. त्यावर दर महिन्याला डोळ्यात घ्यायचं इंजेक्शन आहे. आता तांदळाच्या कणीएवढी औषधाची कुपी एकदाच डोळ्यात बसवली तर ते काम महिनोन्‌महिने होईल का, याची चाचणी चालली होती. कुणाच्या कुपीत औषध जास्त, कुणाच्या कमी, हे मोजणाऱ्यांना कळू द्यायचं नाही असा नियम. त्यांनी फक्त दर महिन्याचं, चित्रासोबत येणारं स्कॅन, म्हणजे पडद्याचा उभा छेद, उघडायचं, पाण्याच्या कडेला यंत्राने काढलेली रेघ चुकली असेल तिथे माऊसने सुधारायची आणि पाण्याची जाडी लिहायची. पाणी ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढलं तर त्या माणसाला दोन दिवसांत जुनं, खात्रीचं इंजेक्शन मिळे. नाहीतर पुढच्या महिन्यापर्यंत वाट पाहायची. मर्यादा एका केसाच्या जाडीएवढी.

ती गाठ तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हा हे सगळं नव्हतं. डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा चालवायला ती शिकत होती, आणि शिकायला डोळे लागतात, आणि नवऱ्याचे डोळे फुकट होते. ऑफिसातून तो थेट तिच्या शिकवणीच्या खोलीत येई — पाण्याच्या पाइपांचे आराखडे काढून काढून आधीच शिणलेला — आणि हनुवटी टेकवून बसे.

“हलू नकोस.”

“बाईसाहेब, माणूस आहे मी. श्वास घेऊ की नको?”

“घे. पण डोळ्याने घेऊ नकोस.”

मग फ्लॅश, मग तो डोळे चोळत, आंधळ्यासारखे हात पुढे करत तिच्याकडे येई आणि विचारी, “सापडला का मेंदू?” — “तिथपर्यंत कॅमेरा जात नाही. जाऊनही काही मिळालं नसतं.” किती हसायचो आम्ही. खरंच एवढं हसण्यासारखं होतं का ते? आता आठवताना शब्द तेवढे सापडतात...

पुढे त्याला दुसऱ्या गावची नोकरी मिळाली. ती गेली नाही. भांडण झालं असतं तर सांगायला काहीतरी उरलं असतं, पण भांडण झालं नाही. आधी तो दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग फोन, मग फोनवर “बाकी काय?” आणि तिचं “काही नाही,” आणि एक दिवस वकिलाकडे दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. पेन त्याचं होतं. नंतर त्याचा नंबर बदलला. नवा तिने मागितला नाही, त्याने दिला नाही.

आणि मग या वसंतात, शेकडो अनोळखी डोळ्यांमध्ये, ती गाठ.

पहिल्या महिन्यात तिने ते मनावर घेतलं नाही. अशी शीर इतरांच्याही डोळ्यांत असते, पुस्तकात असते. दुसऱ्या महिन्यात तिने पुस्तक काढून पाहिलं. तिसऱ्या महिन्यापासून त्या डोळ्याची चित्रं यायच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागली, आणि हे कुणासाठी, असं स्वतःला विचारायचं टाळू लागली. शिरा पाहून रक्तदाबाचा अंदाज येतो. आकसलेल्या, चकाकणाऱ्या त्या शिरा पाहून ती मनात म्हणे, मीठ कमी केलेलं दिसत नाही. उत्तराची गरज नव्हती. लग्नातही शेवटी शेवटी तिला उत्तराची गरज वाटत नव्हती, आणि त्यालाही, बहुधा, प्रश्नाची...

आज पाणी वाढलं होतं. ते मोजायच्या आधीच दिसत होतं. किती वाढलं, एवढाच प्रश्न. तिने स्कॅन मोठं केलं. करड्या थरांच्या मधोमध काळा फुगवटा, वरची कड स्वच्छ. खालची कड मात्र एका ठिकाणी धुरकट, जणू कुणी बोट फिरवलेलं. रेघ धुरकट भागाच्या वरून नेली तर पाणी मर्यादेच्या आत. खालून नेली तर बाहेर.

तिने वरून नेली. पाहिलं. पुसली. खालून नेली.

खालून नेली तर परवा त्याला इंजेक्शन मिळेल. वरून नेली तर महिनाभर पाणी तिथेच, आणि या पाण्याला महिना पुष्कळ होतो; तेवढ्यात वाचणं जातं, माणसाचा चेहरा जातो. आराखडे काढणाऱ्याची नजर. पण खालून नेली आणि ते पाणी नव्हतंच, तर? तर कागदावर कुपी हरली, हरलेली नसताना. असे दोन-चार आकडे इकडचे तिकडे झाले की चांगलं औषध मागे पडतं, आणि ज्यांना दर महिन्याला इस्पितळात नेणारं कुणी नाही अशी माणसं... मला नेणारं कोण आहे?

दुसऱ्या कुणाचा डोळा असता तर मी काय केलं असतं? तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. धुरकट कडांच्या कितीतरी रेघा तिने काढल्या होत्या, क्षणात, चहाचा घोट घेता घेता. हात आपोआप जायचा. आज तो जात नव्हता. वरून नेली की वाटे, मी त्याचा सूड घेते आहे. खालून नेली की वाटे, लाड करते आहे. मधून जायला जागा नव्हती.

“ताई, झोप लागली का?” टेबलापलीकडून मुलगी म्हणाली. “केव्हापासून एकच लावून बसलात. फूट—” आणि तिने जीभ चावली.

“पट्टी,” ती म्हणाली. “म्हण की.”

मुलगी लाल झाली. स्कॅन तसंच उघडं ठेवून ती स्वतः उठली आणि मोजणीचं काम पाहणाऱ्या सरांच्या खोलीत गेली. सर डबा उघडून बसले होते.

“बसा. यंत्र बिघडलं का?”

“नाही. एक डोळा माझ्या ओळखीचा आहे.”

सर हसले. “अहो, एवढी वर्षं इथे काढल्यावर मला सगळेच ओळखीचे वाटतात. परवा बँकेत एका माणसाच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो, तो म्हणाला, काका, सही खाली करायची.” मग तिच्याकडे पाहून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “कुणाचा?”

“नवऱ्याचा.” तिने दुरुस्ती केली. “होता तो.”

“चित्रावर नाव राहून गेलंय?”

“नाही. शिरेवरून.”

सरांनी खुर्ची मागे सरकवली. “तशी शीर आणखी कुणाला असू शकते ना?”

“असू शकते.”

“मग?”

“मला रेघ काढता येत नाही, सर.”

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, फाइल त्या मुलीकडे जाईल; आधीच्या महिन्यांची मापंही ती नव्याने घेईल. तो डोळा पुन्हा तुमच्याकडे येणार नाही. “आणि तो त्यांचाच होता की नाही, हे तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही कळणार नाही.” थांबून म्हणाले, “आधी का नाही बोललात?”

याचं उत्तर तिच्याकडे होतं. चित्रं यायची थांबली असती. पण ते सरांना सांगण्यासारखं नव्हतं, आणि ती “चुकलं” एवढंच म्हणाली.

जागेवर येऊन तिने पुढचा क्रमांक उघडला. स्वच्छ डोळा, सरळ शिरा, थोडं पाणी, कडा स्पष्ट. सोपं काम. तिने माऊसवर हात ठेवला... आणि तिला हनुवटी टेकवलेलं कुणीतरी दिसलं, बाई की पुरुष कुणास ठाऊक, श्वास रोखून बसलेलं, आणि त्याच्यामागे, खोलीच्या दाराशी, त्याचा कोट हातात धरून उभं असलेलं कुणीतरी. किंवा नसलेलं. आजवर असं कधी कुणी दिसलं नव्हतं. स्क्रीनवर फक्त थर असायचे. आणि तो, तोच असेल तर, एकटा जातो का इस्पितळात? इंजेक्शननंतर एक डोळा झाकून रस्ता कसा ओलांडतो? तो नसेलच, तर एवढे महिने मी ज्याच्या मिठाची काळजी केली तो कोण, आणि ती काळजी आता कुठे ठेवायची?

समोर मुलीने ती फाइल उघडली होती. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली, मागे आली, चष्मा काढून पुसला, पुन्हा जवळ गेली. एकदा वर पाहून काही विचारणार असं वाटलं, पण काही विचारायचं नाही, असं तिला सक्त सांगितलेलं असावं. ती पुन्हा खाली पाहू लागली.

कार्यालय सुटलं तेव्हाही मुलीने त्या धुरकट कडेची रेघ काढलेली नव्हती.