बाहुल्यांच्या पायरीवरचं डिझेल

"अज्जा, ह्याचं तोंड कुठलं?" कावेरीनं इंजिनाला हात न लावता विचारलं.

"लांब नाक दिसतंय न्हवं, तेच तोंड," भावोजी म्हणाले. "नाक एकीकडं आणि तोंड दुसरीकडं, असं असतंय होय?"

बायका हसल्या. दसऱ्यात म्हैसुरात घरोघर बाहुल्या मांडतात, तशा आमच्या अक्काच्या, नर्मदाबाईच्या घरीही मांडल्या होत्या. मी लष्कर मोहल्ल्यातनं तिचे शिवलेले ब्लाउज द्यायला आलो होतो, तो तिथंच टेकलो. वर राजा-राणी, खाली शेट्टी-शेट्टीण, आणि मधल्या पायरीवर जावयानं आणून दिलेलं हे हातभर डिझेल इंजिन. नागोजीराव भावोजी रेल्वेतले. येईल त्या बाईला अक्का सांगायची, "आमच्या ह्यांनी चालवलेलं." मग भावोजींनी गोष्ट सांगायची.

आणि सांगायचे झकास. पहिली इंजिनं अमेरिकेतनं बोटीनं आली, मग बनारसला व्हायला लागली. लहान रुळांची, पण कोळशाचं इंजिन जिथं धापा टाकायचं तिथं हे सुम्ने, आरामात गुणगुणत चढायचं. पुढं मोठे रूळ पडले आणि ह्यांचं काम संपलं. काही भंगारात गेली, काही म्हणे परदेशी. "आली बोटीनं, गेली बोटीनं," म्हणून भावोजी थांबायचे आणि बायका चुकचुकायच्या.

गोष्ट खरी. फक्त भावोजींनी ते इंजिन कधी चालवलं नाही. ते कोळशाच्या इंजिनावर फायरमन. डिझेल आलं तेव्हा शिकायला पाठवलं, तर तिथं तारांचे नकाशे आणि सगळं इंग्लिश. नापास झाले. मग रिटायर होईतोवर शेडमध्ये डिझेल इंजिनं धुतली. अक्काला ठाऊक, मला ठाऊक. अक्का एकदा बायकांत बोलून गेली, ह्यांनी खोडलं नाही, बस्स. दरवर्षी गोष्ट सांगून झाली की भावोजी पाणी प्यायला म्हणून आत जायचे ते बराच वेळ बाहेर यायचे नाहीत.

ह्या वेळी आत जाता आलं नाही. मागच्या गल्लीतली ही कावेरी रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून निवडली गेली होती आणि ट्रेनिंगला निघाली होती. तोंड पार उतरलेलं.

"झेपलं नाही तर काय करू, अज्जा? सगळ्या गल्लीनं हार घातलेत."

"काही होत नाही," तिची आई भवानीबाई म्हणाली. "पाया पड त्यांच्या. डिझेल हाकलेला माणूस तो."

पोरगी वाकली. भावोजींनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ती आणखी वाकली, ह्यांनी आणखी ओढले. बायकांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"बेडा, नको पोरी," भावोजी म्हणाले. "मी नापास झालेला माणूस. चालवलं नाही कधी. धुतलं."

"अय्यो, काहीतरीच तुमचं," भवानीबाई हसायला गेली. कुणी साथ दिली नाही. अक्काच्या हातातलं उसळीचं ताट हातातच राहिलं.

कावेरी खालीच बसून होती. हळूच म्हणाली, "परत बसता आलं असतं का परीक्षेला?"

"आलं असतं की. साहेबानं दोनदा विचारलं."

"मग?"

"लाज वाटली."

बायकांनी कुंकू लावून घेतलं आणि अक्काकडं न बघता चपला शोधल्या. कावेरी मात्र दारातनं परत आली, इंजिनाला नमस्कार केला, भावोजींकडं एकदा बघितलं आणि गेली.

अक्कानं इंजिन पायरीवरनं उचललं. म्हटलं, आता ट्रंकेत कोंबणार. तिनं ते मांडीवर घेतलं आणि पदरानं पुसायला लागली, जोरजोरात.

"उद्या कुणी यायचं नाही," एवढंच म्हणाली.

भावोजी बघत राहिले. मग म्हणाले, "तसं न्हवं. वरनं खाली यायचं. जाळीवर पाणी मारायचं नाही, आतलं मशीन भिजतंय."

अक्का उठली. इंजिन त्यांच्यापुढं ठेवलं, आत जाऊन वाटीत पाणी आणि एक जुनं फडकं घेऊन आली. भावोजी धोतर सावरून जमिनीवर बसले आणि धुवायला लागले. अक्का वाटी धरून बसली. दोघांच्याही माना खाली.