सावलीचा रस्ता

नकार वाचून तिनं फोन टेबलावर पालथा घातला, चपला अडकवल्या आणि घराबाहेर पडली. हॅकेथॉन म्हणजे दोन दिवस एका हॉलमध्ये बसून संगणकावर काहीतरी नवं घडवायची चढाओढ. तिथं नुसतं शिरायलाही निवड व्हावी लागे, आणि याही खेपेला तिला वगळलं होतं. आईला तोंड दाखवण्यापेक्षा ऊन परवडलं.

दुपार टळटळीत होती. रस्ते पेंगत होते. एका भिंतीशी मांजर पसरलं होतं. सावली सरकली की तेही डोळे न उघडता तेवढंच सरकत होतं. ती बघत राहिली. मग चालू लागली, वळचणीखालून झाडाखाली, झाडाखालून भिंतीकडेला. पाण्याच्या तळाशी चालावं तसं सगळं हळू आणि हिरवट वाटत होतं. बरंच अंतर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण एकदाही उन्हात पाऊल टाकलेलं नाही.

आईला एक औषध कायमचं लागलं होतं, आणि ते घेत असताना अंगावर ऊन आलं की कातडी भाजल्यासारखी व्हायची. तेव्हापासून ती खिडकीपासून लांब, मशीनवर लोकांचे कपडे दुरुस्त करत बसे आणि दिवस मावळल्यावरच उंबरा ओलांडी. दुपार तिला परगावासारखी झाली होती.

घरी आल्यावर लेकीनं सांगून टाकलं. अर्जात काय लिहिलं होतंस, असं आईनं विचारलं. अख्ख्या शहराची वाहतूक सुधारणार होते, असं ती पुटपुटली.

आईनं दातांनी दोरा तोडला.

"अख्खं शहर? घरातला पसारा आवरून झाला वाटतं तुझा."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

त्यानंतर ती एकाच कामाला लागली. कुठली इमारत किती उंच, सूर्य केव्हा कुठं, सावली कुणाच्या अंगणात पडणार, याचं गणित तिनं संगणकाला शिकवलं. जवळचा नव्हे, तर सावलीचा रस्ता दाखवणारा नकाशा. दुपारभर हिंडून ती पडताळा घेई; शेजारणी म्हणत, पोरगी उन्हानं भ्रमिष्ट झाली. पुढच्या हॅकेथॉनच्या अर्जात तिनं एवढंच लिहिलं: माझ्या आईला दुपारी बाहेर पडायचंय.

या वेळी बोलावणं आलं.

हॉलच्या उंच काचांतून आलेला उजेड टेबलांवरून सावकाश रांगत होता. कळफलकांचे आवाज एकमेकांत मिसळून लांबच्या झऱ्यासारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची पाळी आली. नकाशावरची निळी रेघ वळणं घेत धावू लागली, तशा परीक्षक बाई पुढे वाकल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: वाटेत सावलीच नसेल तिथं काय?

ते अजून सुटलेलं नाही, असं तिनं सांगितलं. आभार मानून ती मंचावरून खाली उतरली आणि मोकळ्या हवेसाठी दाराबाहेर आली.

दारालगतच्या भिंतीला टेकून आई उभी होती. मुठीत फोन, चेहरा लाल, छाती वरखाली होत होती. भरदुपारी.

"तू? कशी आलीस?"

"तुझ्या नकाशानं. माझ्या फोनवर घातलायस ना, तो म्हणेल तशी वळले." आईनं मागे बोट दाखवलं. "फक्त त्या चौकात सावली नाही गं. लांबलचक उघडा चौक."

"मग?"

आईनं मनगटानं कपाळ टिपलं.

"मग काय, पळाले."

आत निकालासाठी सगळ्यांना बोलावत होते. तिनं ते ऐकलं, पण ती जागची हलली नाही. आईचा श्वास खाली बसेपर्यंत तिचा हात धरून ती तिथंच उभी राहिली.